सगळे रेडिओ

ते दोन हजार चोवीस साल. त्या उन्हाळ्यात जिना नव्यानं रंगवला होता आणि रंगाचा वास जाता जात नव्हता, म्हणून दुपारभर घराचं दार उघडंच असायचं. एरवी बेल वाजली असती, तिनं आतून "कोण?" म्हणून विचारलं असतं आणि तेवढ्या वेळात चेहरा ठीकठाक करायला सवड मिळाली असती. ती मिळाली नाही. मटारच्या शेंगांची परडी घेऊन ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर दारात तिचा धाकटा भाऊ उभा. केस पांढरे झालेले, पाठीला बाक आलेला, पण शर्टाच्या खिशाला तोच बारका स्क्रूड्रायव्हर, लोक पेन अडकवतात तसा. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. "ताई, आलो बघ," तो म्हणाला, जणू सकाळी कोपऱ्यावर काही आणायला गेला होता आणि परत आला. आई गेली तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. तेव्हा तिच्या मुलाला दात यायचे होते, आता त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही. मध्ये लग्नं झाली, माणसं गेली, निरोप तिसऱ्याच माणसाकडून पोचले. आणि हा आत येऊन चपला काढत होता, तशाच, एक सरळ आणि एक पालथी.

"असा अचानक?" तिच्या तोंडून गेलं.

"अचानक कसला? तू बोलावल्यावर राहीन होय मी?"

मी बोलावलं? केव्हा? पण तसं विचारायला जीभ उचलेना, कारण त्याच आठवड्यात तिनं साखरेच्या डब्यात मीठ ओतून ठेवलं होतं, आणि सून हसत म्हणाली होती, "आई, आता चहा खारट प्यायचा की भाजी गोड खायची, तेवढं ठरवून सांगा." सगळे हसले, तीही हसली, पण आपल्या खोलीत गेल्यावर कपाटातल्या एकेका वस्तूचं नाव तिनं मनात घेऊन पाहिलं होतं, एखादं निसटतंय का म्हणून. वय झालं की माणूस स्वतःवर असा चोरून पाळत ठेवायला लागतो. म्हणजे खरंच केला असेल का मी फोन? एखाद्या रिकाम्या दुपारी हातानं आपणहून याचा नंबर फिरवला असेल, तोंडानं बोलणं केलं असेल, आणि डोक्याला त्याचा पत्ताच नसेल? तिनं भावाकडे पाहिलं. तो इतका निवांत, इतका मोकळा बसला होता, की त्याच्याकडे बघून तिला आपलीच भीती वाटली.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"बिनसाखरेचा. सांगितलं होतं की तुला फोनवर."

तिनं आधण ठेवलं. मागे तो चादरीची गाठ सोडत होता, ते तिला नुसत्या आवाजावरून कळत होतं. तिचं सगळं आयुष्यच तसं गेलं होतं, पाठीमागे काय चाललंय ते कानानं ओळखण्यात. ती वळली तेव्हा टेबलावर आईचा रेडिओ होता. लाकडी खोका, जाळीचं कापड एका कोपऱ्यात उसवलेलं, आईनं वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं टाके घातलेलं. "वाजतो अजून," भाऊ म्हणाला. "आतलं सगळं मी बदललंय. बाहेरचं काही बदललं नाही." आईच्या मागे हा रेडिओ त्यानं नेला तेव्हा तिनं एका शब्दानं अडवलं नव्हतं. अडवायचं म्हणजे बोलायला लागलं असतं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची खुर्ची सातवी. म्हणून ती सात नंबर. पगाराच्या दिवशी सही करतानाच काय ते स्वतःचं नाव आठवायचं. लांबलचक खोली, उंच खुर्च्यांची रांग, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोऱ्या, बारीक दिवे, आणि मागून मऊ बुटांनी फिरणाऱ्या मोठ्या बाई. हेडफोनच्या पट्टीनं सगळ्यांच्या केसांत आडवी खाच पडायची. सुट्टीच्या दिवशी बाजारात सुद्धा बायका एकमेकींना तेवढ्यावरून ओळखत. जोडून द्यायचं, दोन्हीकडचं 'हॅलो' ऐकायचं आणि लाइनवरून निघून जायचं. नकळत कानावर पडलं तर गिळायचं. श्वाससुद्धा लोकांना ऐकू जायला नको म्हणून तोंड बाजूला वळवून घ्यायचा. पुढं घरात बोलतानाही ती तशीच मान वळवून श्वास घ्यायची, आणि नवरा म्हणायचा, "अगं, मी इकडे बसलोय."

दुसऱ्या गावच्या बोर्डावर तशीच एक होती. भावानं ज्या गावात रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, तिथली. दोन कॉलच्या मध्ये लाइन मोकळी असली की हिनं म्हणावं, "अगं पलीकडची, आज डब्यात काय?" आणि तिनं म्हणावं, "पलीकडची तू. मी अलीकडची." हा खेळ वर्षानुवर्षं चालला. दोघींनी एकमेकींना कधी बघितलं नाही. पण तिला सर्दी झाली की पहिल्या अक्षराला कळायचं; रडून आलेली असली, आणि कितीही ठसक्यात "बोला" म्हणाली, तरी कळायचं. हिला मुलगा झाला तेव्हा त्या बोर्डावरच्या साऱ्या बायकांनी एका दमात ओरडून अभिनंदन केलं होतं आणि मोठ्या बाईंनी दोन्हीकडे झाडलं होतं. पुढं यंत्रं आली, लोक आपला नंबर आपण फिरवायला लागले, खुर्च्या भंगारात गेल्या. नाव-पत्ता घ्यायचं राहूनच गेलं. रोज बोलणाऱ्या माणसाचा पत्ता कोण विचारतं?

आणि आईची ती संध्याकाळ. आई दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात, जवळच्यांना बोलावून घ्या म्हणाले होते. ती बोर्डाकडे धावली. मोठ्या बाईंनी काही न विचारता खुर्ची मोकळी करून दिली. पलीकडचीनं दुकानात रिंग दिली. दोरीपुढचा दिवा विझला म्हणजे समोरच्यानं फोन उचलला, आणि तो परत लागला म्हणजे ठेवला. तिथं बसणाऱ्याला एवढं झोपेतही समजतं. "विझला गं, बोल, बोल!" पलीकडची म्हणाली. "चिमट्या, मी ताई. आई..." एवढंच तिचं झालं आणि कानात खट्ट झालं. लहानपणापासून चिमटा घेऊन घड्याळं उचकटत बसायचा, म्हणून तो चिमट्या. मग रिंग जात राहिली, जात राहिली. "लाइन बिघडली असेल गं," पलीकडची म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "नाही. तुला खोटं कशाला सांगू? दिवा विझून लागला. उचलून ठेवलं त्यानं." ती दवाखान्यात परतली तेव्हा आईनं विचारलं, "लागला का गं?" आणि ती म्हणाली, "लागतोय आई. आत्ता लागेल."

सगळं उरकल्यावर भाऊ आला. दाराशीच म्हणाला, "मी दुकानात नव्हतोच ताई. बाहेरगावी गेलो होतो." ती "बरं" म्हणाली. तोंडावर खोटं पाडलं नाही, भांडली नाही. ते एक 'बरं' सगळं आयुष्य पुरलं.

"गार होतोय," भाऊ म्हणाला. चहा तिनं कधी ओतला ते तिला कळलं नव्हतं. तो बशी हातात धरून बसला होता आणि तिच्याकडे टक लावून बघत होता. "आवाज बरा झाला होता तुझा त्या दिवशी. घसा मोकळा वाटत होता. आज पुन्हा खरखरतोय."

"कुठल्या दिवशी?"

"अगं, फोनवर!" तो हसला. "विसरलीस का काय? थांब, माझ्याकडे आहे. माझ्या फोनमध्ये येणारा प्रत्येक कॉल साठवला जातो, तशी सोयच करून ठेवलीय मी. बाकीचे पुसतो. हा ठेवला." आणि त्यानं खिशातून फोन काढला, बोट दोन-तीनदा चुकलं, मग लागलं. त्या स्वयंपाकघरात, मटारच्या परडीवरून, आईच्या रेडिओवरून, तिचा आवाज आला.

*चिमट्या, मी ताई. फोन ठेवू नकोस. किती वर्षं झाली रे. त्या दिवशी फोन नुसता वाजत राहिला, तू दुकानात नव्हतास, त्यात तुझा काय दोष? माझ्या मनात आता काही नाही. मी केव्हाच माफ केलंय तुला.*

अंगावर काटा येणं वगैरे लोक म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट एकदम सगळं शांत झालं. तो आवाज तिचाच होता. 'चिमट्या' म्हणताना 'चि' जरा ओढायचा, आईसारखा, तोही तिचाच. पण ती त्या खुर्चीवर उभा जन्म बसलेली होती. तिनं तो आवाज लाइनवर आलेला परका आवाज ऐकावा तसा ऐकला, आणि तिला कळलं, ह्या बाईला श्वास नाही. वाक्यामागून वाक्य, पण मध्ये कुठं मान वळत नाही, छाती भरत नाही. आणि दुसरंही कळलं, ते अधिक वाईट होतं. *फोन नुसता वाजत राहिला.* हे वाक्य तिच्या तोंडचं नव्हतं, असणं शक्यच नव्हतं. हे वाक्य कुठून आलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ते पलीकडचीचं होतं, नव्यानं सापडलेल्या पलीकडचीचं.

सुनेनंच नवा फोन घेऊन दिला होता. सून शाळेत भूगोल शिकवते, जगाचा नकाशा तिच्या बोटांवर; तिनंच शिकवलं, हे दाबा, ते सरकवा, आणि एक दिवस जुन्या ऑपरेटर बायकांचा एक गट शोधून दिला. कुठकुठल्या गावांच्या, कुठकुठल्या बोर्डांवरच्या म्हाताऱ्या तिथं जमलेल्या. तिला माहेर सापडल्यासारखं झालं. एका दुपारी तिनं सगळ्यांना वाचायला लांबलचक लिहिलं, पलीकडचीबद्दल. डब्याचे प्रश्न, अलीकडची-पलीकडचीचा खेळ, मुलगा झाला तेव्हाचा ओरडा, सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला: 'अगं, पलीकडची तू. मी अलीकडची. ओळखलंस का?' ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती. घरात कुणी नव्हतं म्हणून गॅलरीतल्या कुंड्यांना सांगितलं, सापडली म्हणून. जे शब्द आपणच आदल्या दिवशी चव्हाट्यावर मांडले, तेच कुणी उचलून आपल्याला दाखवतंय, हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

चेहऱ्याच्या जागी एका खिडकीचा फोटो होता, कुंडीत तांबडी फुलं. चेहरा नव्हता ह्याचंच उलट तिला बरं वाटलं. दिसणाऱ्या माणसांनी तिला आयुष्यात बरंच फसवलं होतं; न दिसणाऱ्यांनी कधी नाही. न दिसणाऱ्या माणसावर भरवसा ठेवायचा आणि त्यानं तो राखायचा, ह्यावरच तर ती सगळी खोली चालायची. 'घशाचं ऑपरेशन झालंय,' पलीकडचीनं लिहिलं होतं, 'आवाज गेला गं. मला बोलता येत नाही. पण तू बोल. तुझा आवाज ऐकू दे.' बोर्डावरच्या बाईचा आवाज जावा! ती किती वेळ डोळे पुसत बसली होती. आणि मग बोलायला लागली. रोज दुपारी, गॅलरीत, बटण दाबून. नवरा गेल्यापासून इतकं कुणी ऐकलं नव्हतं. मुलगा घाईत, सून कामात, त्यांचं काही चुकत नव्हतं. पण पलीकडून दर वेळी एकच शब्द यायचा, 'पुढे?' आणि तो दिसला की तिचा बांध फुटायचा.

"आई, कोण आहे ही?" सुनेनं एकदा कपडे वाळत घालता घालता विचारलं होतं. "तोंड दाखवत नाही, आवाज ऐकवत नाही."

"आमच्यात तोंड दाखवायची पद्धतच नव्हती."

"मग आता पाडा की. व्हिडिओ करा म्हणावं."

"तुला नाही कळायचं ते."

"नाही कळत बाई," सून चिमटे लावत म्हणाली. "माझ्या वर्गात पण असंच सांगतात. ओळखीचा आहे बाई, फोनवरचा आहे."

तिला राग आला होता. वर्गातल्या पोरींच्या रांगेत आपल्याला बसवलं ह्याचा. त्या दुपारी ती मुद्दाम जास्त बोलली. आईबद्दल, भावाबद्दल, त्याच्या दुकानाबद्दल. 'त्याला हाक कशी मारायचीस? मारून दाखव ना,' असं लिहून आलं, आणि तिनं मारून दाखवली, हसत, लाजत, दोनदा. मग त्या संध्याकाळवर आली. "तुला तर सगळं ठाऊकच आहे," ती म्हणाली आणि थांबली. दिव्याचं पलीकडचीनं म्हणावं, अशी तिची इच्छा होती. जगात तेवढी एकच तर साक्षीदार होती. उत्तर आलं: 'हो गं, अजून कानात आहे. फोन नुसता वाजत राहिला. कुणी उचललाच नाही.'

घासात खडा लागावा तसं झालं. पण खडा थुंकून टाकायच्या ऐवजी तिनं तो गिळला. वय झालंय बिचारीचं, विसरली असेल, असं वाटलं. आणि मग वाटलं, नाही, विसरली नाही. मला दुखू नये म्हणून ती आता खोटं बोलतेय. तेव्हा खरं बोलली, आता माया करतेय. ह्या विचारानं तिला इतकं भरून आलं होतं की तिनं त्या खोट्याला हात लावला नाही. भामट्याची चूक आणि तिनं तिचं सोनं केलं. आता त्या आठवणीची तिला एवढी लाज वाटली की कपाटाच्या काचेतल्या स्वतःच्या सावलीकडेही बघवेना. पुढं कधीतरी तिकडून लिहून आलं होतं, 'माफ करून टाक ना त्याला. मला म्हणून दाखव, मन हलकं होईल.' त्याला मात्र ती नाही म्हणाली होती. चक्क नाही. मग निरोप कमी कमी होत बंद पडले, आणि ती काळजी करत बसली, तब्येत बिघडली असेल बिचारीची म्हणून.

तर ती नाही म्हणाली, म्हणून त्यांनी तिच्याशिवाय उरकून घेतलं होतं. तिचा आवाज घेतला, तिचा 'चि' घेतला, आणि जे देणं तिनं सबंध आयुष्य मुठीत दाबून धरलं होतं ते परस्पर देऊन टाकलं.

भावानं फोन बंद केला. "पुढचं आपलं दोघांचं आहे," तो म्हणाला. "ते नको लावायला. तुझी अडचण मी कुणाला बोललो नाही, बोलू नको म्हणालीस ना. कसली तेही विचारलं नाही." मग बशीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "पण ताई, मी त्यासाठी नाही आलो. मी दुसऱ्याच कामाला आलोय. तू म्हणालीस, मी दुकानात नव्हतो. ते ऐकलं आणि मला जेवण जाईना. तू इतक्या मनानं माफ केलंस, आणि ते त्या खोट्यापायी. मला ते घेता येईना."

तिनं परडीतली एक शेंग सोलली.

"मी दुकानात होतो. फोन उचलला होता. तुझा आवाज ऐकला, 'आई' ऐकलं, आणि ठेवला. मला कळलं गं काय सांगणार ते. वाटलं, जोवर ऐकत नाही तोवर आई आहे. परत वाजायला लागला. मग मी दुकानातले सगळे रेडिओ लावले. दुरुस्तीला आलेले, झालेले, न झालेले. सगळे मोठ्यांदा. वेगवेगळी स्टेशनं. बातम्या, गाणी, खरखर. समोरचा न्हावी कात्री घेऊन बाहेर आला बघायला, ह्याला वेड लागलं का म्हणून. तरी त्या सगळ्यातून घंटी ऐकू येतच होती." त्यानं वर पाहिलं. डोळे कोरडे होते, पण हनुवटी लहान मुलासारखी हलत होती. "हे कुणालाच सांगितलं नव्हतं मी. तुझ्या वहिनीला सुद्धा नाही."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "उचललास ते. तेव्हापासून माहीत होतं."

"मग फोनवर तसं का..." आणि लगेच, आनंदानं उजळून, "म्हणजे माहीत असून माफ केलंस!"

इथं गप्प बसता आलं असतं. त्या क्षणी तिला तसं वाटलंही. कुणी चोरट्यानं का होईना, पण तिला जे ह्या जन्मी जमलं नसतं ते होऊन गेलं होतं. भाऊ समोर बसला होता, रेडिओ घरी आला होता. फक्त गप्प बसायचं. तिच्याइतकं गप्प बसायला कुणाला येत होतं?

"आणि उरलेलं परवा पोचतं करतो," भाऊ चहाचा शेवटचा घोट घेत म्हणाला. "दुकान विकल्याचं निम्मं यायचंय अजून. त्याच खात्यात घालू ना? तुझंच ना ते?"

तिनं परडी बाजूला सरकवली. "चिमट्या, तो फोन मी केला नव्हता."

"काय?"

"ती मी नव्हे. माझा आवाज चोरलाय. मी दिला, माझ्या हातानं. एका बाईला. बाई आहे का बाप्या तेही मला ठाऊक नाही." आणि मग सगळं सांगितलं, गॅलरी, तांबडी फुलं, 'पुढे?', सगळं. सांगताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटत होता. दर वाक्याला वाटायचं, आताही कुणीतरी दुसरंच बोलतंय.

तो ऐकत राहिला. ती वाट बघत होती की आता हा दुकानाबद्दल विचारेल, गेलेल्या पैशाबद्दल, त्याच्या पुढच्या दिवसांबद्दल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, टेबलावर ठेवला, पुन्हा खिशाला लावला.

"म्हणजे तू माफ नाही केलंस?"

तिनं तोंड उघडलं. शब्द होते तिथं. आत्ताच तर ऐकले होते, तिच्याच आवाजात, किती सोपे वाटले होते. पण ते कुणीतरी वापरलेले होते. तेच पुन्हा म्हणायचे म्हणजे चोरानं घालून टाकलेलं लुगडं धुवून नेसण्यासारखं. आणि न म्हणावेत, तर समोर हा बसलेला. आयुष्यभर तिनं लोकांना जोडून दिलं होतं. आपल्यासाठी एक दोरी तिला उचलता येईना.

"थांब," ती म्हणाली. "थांब जरा. लागतोय."

आपण काय बोलून गेलो ते तिला बोलल्यावर कळलं. तिनं पदर तोंडाला लावला, आणि आई गेली तेव्हा जे रडली नव्हती ते रडली. भाऊ उठून तिच्या शेजारी आला, पण हात लावावा की नाही हे त्याला कळेना. तो नुसता उभा राहिला, रेडिओवर हात ठेवून.

शाळा सुटल्यावर सून आली. दोघांचे चेहरे पाहून तिनं पर्स खांद्यावरून काढलीच नाही. सगळं ऐकलं, एकदाही 'मी म्हटलं होतं' म्हणाली नाही, आणि त्याबद्दल सासू तिची कायमची मिंधी झाली. "आधी बँकेला फोन, मग पोलिसांत," ती म्हणाली. "मामा, तुमचा फोन द्या इकडे. आणि ते उरलेलं कुणाला देऊ नका हं, मी मागितलं तरी. माझाही आवाज असेल कुठंतरी." पोलीस चौकीतल्या माणसानं सगळं लिहून घेतलं आणि पुढचा माणूस बोलावला, बाहेरच्या बाकावर तसलेच आणखी बसले होते, चांगले शिकलेले, तरणेताठे. घरी आल्यावर सून म्हणाली, "आता तुम्ही दोघं एक खूण ठरवा. फोन आला की आधी ती विचारायची. तिऱ्हाइताला माहीत नसेल अशी."

"आईचं माहेरचं नाव," भाऊ म्हणाला.

"ते सांगितलंय मी तिला."

"आपला पहिला पत्ता."

"तोही."

"आईचा रेडिओ कुठल्या दोऱ्यानं शिवलाय?"

ती मान खाली घालून बसली. सगळं देऊन झालं होतं. बालपण, आई, नवरा, घरातल्या हाका. पोतडी उलटी करून झटकली होती एका खिडकीच्या फोटोपुढं, आणि आता सख्ख्या भावाला ओळख पटवायला तिच्याजवळ एक चिंधी उरली नव्हती. फसवणूक म्हणजे काय, ते तिला पैशानं कळलं नव्हतं. ते तिथं कळलं.

"एक आहे," भाऊ हळूच म्हणाला. "आज दुपारचं."

ह्याला आता बराच काळ लोटला. गेलं त्यातलं काही परत आलं नाही. तांबड्या फुलांची खिडकी त्या गटातून नाहीशी झाली. पुढं सुनेला ती भलत्याच ठिकाणी, भलत्याच नावानं दिसली, तिनं तक्रार केली, ती पुन्हा नाहीशी झाली. त्यामागे कोण होतं ते कधीच कळलं नाही. खऱ्या पलीकडचीचा मात्र पत्ता लागला. तिच्या शेजारच्या खुर्चीवरच्या एका बाईनं कळवलं की ती केव्हाच गेली, शेवटी शेवटी ऐकूही येत नव्हतं, पण अलीकडची म्हणून कुणीतरी होती असं नातवंडांना सांगायची. दिव्याबद्दल कधी काही बोलली होती का, असं हिनं आडून विचारलं. 'छे,' उत्तर आलं, 'ऐकलेलं पोटात ठेवणारी बाई ती.' सून अजून भूगोल शिकवते आणि नव्या वर्गाला सासूची गोष्ट सांगते, नाव न घेता, सासूच्या परवानगीनं. भाऊ एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. फोनचे बिघडलेले स्पीकर चिमट्यानं काढून बदलतो. मालक पोरगेला आहे, त्याला आजोबा म्हणतो. रेडिओ तिच्याकडेच आहे. ती गॅलरीत बसते, पण कुणासाठी बोलत नाही. कुंड्यांशी बोलते, त्या 'पुढे?' विचारत नाहीत.

ते शब्द तिनं अजून उच्चारलेले नाहीत. भावानंही परत मागितले नाहीत. पण रोज संध्याकाळी ती त्याला फोन लावते. पहिल्या घंटीला तो उचलतो.

"कोण?"

"ताई."

"दुकानात काय चालू होतं?"

ती श्वास घेते. हल्ली मान वळवत नाही; त्याला नीट ऐकू जाईल असा घेते.

"सगळे रेडिओ," ती म्हणते.

मग तो म्हणतो, "बोल."